जरा खांद्याकडे बघा पाहू

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रिलीजचा आठवडा होता, तीन रात्री नीट झोप नव्हती, आणि चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर मान डावीकडे वळेचना. कुणी हाक मारली की आख्खा माणूस वळवावा लागायचा, जुन्या सिनेमातल्या रोबोसारखा. आई म्हणाली उशी बदल. ऑफिसमधला एक जण म्हणाला, "लाटणं गरम करून फिरव." दुसरा म्हणाला, "माझ्या न्हाव्याकडे चल, एका झटक्यात मोकळी करतो." (या न्हाव्याबद्दल पुढे बोलायचंय, लक्षात ठेवा.) मी सुशिक्षित असल्यामुळे यातलं काहीच केलं नाही. मी थेट एमआरआय काढून आलो. रिपोर्टात लिहिलं होतं, पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली डिस्क फुगली आहे. बास. पुढच्या दोन रात्री मी महाजालावर काय काय वाचलं ते विचारू नका. तिसऱ्या रात्रीपर्यंत मी मनातल्या मनात व्हीलचेअरवर होतो.

दहा दिवसांत मान आपोआप बरी झाली.

आता दुसरी गोष्ट, त्याच वर्षातली. माझा मामा सांगलीला असतो. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त. त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मनगटात नस दबली आहे असं निदान झालं, मनगटाला पट्टा मिळाला, जीवनसत्त्वांची इंजेक्शनं झाली. मग सही बदलली, बँकेने चेक परत केला, ज्या बँकेत त्याने आयुष्य काढलं तिनेच. आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा. मग एकदा गणपतीत तो आमच्याकडे आला आणि जिना उतरताना त्याची चप्पल वरच्या पायरीवर राहिली. त्याला कळलंच नाही. खाली येऊन मामी म्हणाली, "अहो, चप्पल कुठाय?" तो पायाकडे बघतच राहिला.

दीड वर्ष झालं होतं तोपर्यंत. त्या दीड वर्षात मामाची मान एकदाही दुखली नव्हती. आणि गडबड मानेतच होती.

ज्याची मान दुखत होती त्याला काही झालं नव्हतं, आणि ज्याला झालं होतं त्याची मान दुखत नव्हती. हे माझ्या प्रोग्रामर डोक्याला पटेना. एरर जिथे दिसते तिथेच बग असतो असं नाही, हे आम्हाला पहिल्या नोकरीत पहिल्या आठवड्यात कळतं. मग माणसाच्या शरीराच्या बाबतीत ते कळायला वैद्यकाला किती वेळ लागला असेल? म्हणून वाचायला घेतलं, आणि एका शनिवारचं काम तीन महिने पुरलं.

सुरुवात इजिप्तपासून करावी लागते. १८६२ साली लक्झरमध्ये एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने एका व्यापाऱ्याकडून पपायरसची गुंडाळी विकत घेतली. त्याला ती पूर्ण वाचता आली नाही. तो १९०६ मध्ये वारला, मुलीने ती न्यूयॉर्कमध्ये देऊन टाकली, आणि शेवटी १९३० साली जेम्स हेन्री ब्रेस्टेड या शिकागोच्या इजिप्ततज्ज्ञाने तिचा अनुवाद छापला. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हा इसवी सनापूर्वी सोळाशेच्या आसपासचा, तोही आणखी जुन्या ग्रंथावरून नकललेला, जखमांवरचा ग्रंथ आहे. ४८ केसेस. डोक्यापासून सुरू करून खाली उतरत जाणाऱ्या. आणि गंमत म्हणजे जवळजवळ मंत्रतंत्र नाहीत! प्रत्येक केसचा साचा एकच: जखमेचं नाव, तपासणी, निदान, आणि मग तीनपैकी एक निकाल. हा आजार मी बरा करीन, याच्याशी मी झुंज देऊन बघीन, किंवा यावर उपचार नाही. ज्याने कुणी हे लिहिलं तो आज असता तर उत्तम टेस्ट केसेस लिहिल्या असत्या त्याने.

यातल्या २९ ते ३३ या पाच केसेस मानेच्या आहेत. त्यात वैद्याने काय तपासायचं ते बघा. रुग्णाला सांगायचं, आपल्या दोन्ही खांद्यांकडे आणि छातीकडे बघ. एवढंच. तिसाव्या केसमधल्या माणसाला बघता येतं, पण दुखतं. म्हणजे मान मुरगळली आहे. निकाल: बरा करीन. पहिल्या दिवशी ताजं मांस बांधायचं, नंतर रोज मध, बरा होईपर्यंत. बत्तिसाव्या केसमधल्या माणसाला तोंड वळवताच येत नाही, चेहरा एका जागी खिळलेला. इथे टीपेत म्हटलंय की एक मणका आत रुतलाय, नांगरलेल्या जमिनीत पाय रुततो तसा. शेतकऱ्यांच्या देशातली उपमा, आपल्याकडेही लगेच कळणारी. याचाही निकाल: बरा करीन.

आणि मग एकतिसावी केस. मानेचा मणका निखळलाय. इथे वैद्य मानेबद्दल फारसं बोलतच नाही. तो म्हणतो, याला आपले हात आणि पाय आहेत याची जाणीव नाही, आणि लघवी नकळत ठिबकते आहे. निकाल: उपचार नाही.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि अंगावर काटा आला. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओळखलं होतं की मानेच्या दुखापतीत दुखण्यावरून निकाल लावायचा नाही. हातापायांना विचारायचं, लघवीला विचारायचं. मज्जारज्जू हा शब्द नाही, नस म्हणजे काय ते माहीत नाही, क्ष-किरण तर सोडाच. फक्त कदाचित दगडं वाहताना पडलेली किंवा लढाईत जखमी झालेली खूप माणसं नीट बघितलेली.

नकलणाऱ्या लेखनिकाने ४८व्या केसच्या मध्येच, पाठीच्या मणक्यावर लिहिता लिहिता, काम सोडून दिलंय. वाक्य अर्धवट. का, ते कुणाला ठाऊक. सगळ्यांत जुनं न संपलेलं डॉक्युमेंटेशन म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभ सांगितलाय. मन्या म्हणजे मानेच्या बाजू, त्या ताठरतात. कारणं वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं-उभं राहणं, मान वळवून वर बघत राहणं. पण मला जास्त मोलाची वाटली ती तिथेच जवळ आलेली विश्वाची. खांद्यापासून हाताच्या मागच्या बाजूने तळहात आणि बोटांपर्यंत जाणारा विकार, ज्यात हाताचं काम करण्याचं बळ जातं. म्हणजे हाताच्या वरपासून बोटांपर्यंत एक दोरी ओवलेली आहे आणि तिच्यात बिघाड झाला तर बोटं बिघडतात, एवढं निरीक्षण तिथे आहे. फक्त ती दोरी मानेतून निघते, हा दुवा जोडलेला नाही.

तो जोडला गॅलेनने. हा गडी इसवी सन १५७ पासून पर्गमम इथे ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, म्हणजे इजिप्तच्या वैद्यासारखंच याच्याकडेही जखमांचं मोठं भांडार. शिवाय तो प्रयोग करायचा. डुकरं, माकडं यांचा मज्जारज्जू वेगवेगळ्या मणक्यांपाशी कापून कुठे कापला की काय बंद पडतं ते टिपायचा. मानेत अगदी वर कापला तर श्वासच थांबतो, थोडा खाली कापला तर हात जातात, अजून खाली तर पाय. (आज वाचवत नाही, पण काय करणार.) थोडक्यात त्याने एकेक वायर कापून सर्किट डायग्रॅम काढला.

मग तो रोमला असताना त्याच्याकडे पॉसेनियस नावाचा एक सीरियन वक्ता आला. त्याची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली होती. रोममधले वैद्य बोटांना लेप लावत होते. रोज. लेप बदलत होते, बोटं तीच. गॅलेनने बोटांकडे बघितलं आणि विचारलं, आधी कुठे पडला होतास का? पॉसेनियस म्हणाला, हो, वाटेत रथातून पडलो होतो, पाठीच्या वरच्या भागाला टोकदार दगड लागला होता, पण ते दुखणं तर कधीच गेलं. गॅलेनने तेच लेप बोटांवरून काढून मानेच्या बुडाशी, सातव्या मणक्याखालून नस निघते तिथे लावायला सांगितले. माणूस बरा झाला. बाकीचे वैद्य चक्रावले.

लेपाने बरा झाला की आपोआप, याबद्दल मला शंका आहे. पण पत्ता अचूक होता! करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी नस खरोखरच तिथून निघते, आजच्या पुस्तकातही तेच आहे. आणि पॉसेनियसच्या उत्तरातला तो तुकडा परत वाचा: ते दुखणं तर कधीच गेलं. मामाच्या मनगटाचा पट्टा आठवला की नाही?

यानंतर हे ज्ञान वाढत वाढत आपल्यापर्यंत आलं असेल असं वाटतं ना? नाही आलं. गॅलेनचा ग्रंथ पाठ करणारे हजारो झाले, पण पडला होतास का असं विचारणारे कमीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीसुद्धा हात दुखतोय म्हटलं की न्यूरायटिस, संधिवात, नाहीतर नसांची कमजोरी असा शिक्का मारून मोकळे.

१८९५ हे वर्ष मात्र मजेशीर आहे. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर नावाच्या माणसाने एका कर्मचाऱ्याचा मणका दाबून त्याचं बहिरेपण घालवल्याचा दावा केला, आणि कायरोप्रॅक्टिक जन्माला आलं. दोनच महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. एकाच शरद ऋतूत मणके झटक्यात बसवण्याचा धंदा आणि मणके बघण्याचं यंत्र, दोन्ही सुरू.

क्ष-किरणात हाडं दिसतात. मधल्या चकत्या, म्हणजे डिस्क, दिसत नाहीत. त्यामुळे पुढची चाळीस वर्षं वैद्यकाने जे दिसतं त्यालाच दोष दिला. कुणाला मानेत एखादी जास्तीची बरगडी दिसली की ती कापली. १९२७ पासून अमेरिकेत हातदुखीसाठी मानेच्या पुढचा एक स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया निघाली आणि चांगलीच बोकाळली. १९२८ साली न्यूयॉर्कच्या बायरन स्टुकीने मानेत मज्जारज्जूला पुढून दाबणाऱ्या कूर्चेच्या गाठी वर्णन केल्या, आणि त्यांना ट्यूमर म्हटलं. माणसाच्या हातात पुरावा होता, नाव चुकलं. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं की अशा गाठी बहुतेक वेळा ट्यूमर नसून फाटून बाहेर आलेल्या डिस्कचाच भाग असतात. तेव्हा कुठे ती दोन मणक्यांमधली चकती आरोपीच्या पिंजऱ्यात आली. नंतर तिने पिंजरा सोडलाच नाही, ते वेगळं.

१९४३ मध्ये मेम्फिसच्या सेम्स आणि मर्फी यांनी चार रुग्ण छापले. चौघांनाही छातीत आणि हातात दुखत होतं, हृदयविकारासारखं. खरा दोष होता मानेतली डिस्क आणि तिच्याखाली दबलेली सातवी नस. १९४४ मध्ये स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी एक साधी चाचणी सांगितली: मान दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावर दाब दिला आणि कळ हातात उतरली, तर नस मानेत दबली आहे. गॅलेन गेल्याला सतराशेहून अधिक वर्षं झाली होती.

पण ही सगळी नस दबण्याची गोष्ट. नस म्हणजे फांदी. मामाचं प्रकरण खोडाचं होतं, मज्जारज्जूचं. ते स्वच्छ शब्दांत मांडलं १९५२ साली, लंडनमध्ये, रसेल ब्रेन या न्यूरॉलॉजिस्टने, नॉर्थफील्ड आणि मार्शिया विल्किन्सन यांच्याबरोबर, 'ब्रेन' याच नावाच्या नियतकालिकात. (नाही, मी बनवत नाहीये. पुढे तो त्याचा संपादकही झाला.) त्यांनी सांगितलं की वयाबरोबर डिस्क झिजते, मणक्यांच्या कडा वाढतात, आणि काही लोकांत हे सगळं हळूहळू मज्जारज्जूला आवळत जातं. हात बेडौल होतात, पाय ताठरतात, चाल बदलते. हे वर्षानुवर्षं चालू राहू शकतं आणि मान फारशी दुखेलच असं नाही. या झिजेला ते स्पाँडिलोसिस म्हणाले. आपण सगळे सर्रास "स्पाँडिलायटिस झालाय" म्हणतो, पण त्या शब्दाचा अर्थ मणक्यांना सूज. ही सूज नाही, झीज आहे, आणि ती केस पिकण्याइतकी सार्वत्रिक आहे.

किती सार्वत्रिक, ते एमआरआय आल्यावर कळलं. १९९० साली बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेची कधीच तक्रार नसलेल्या ६३ लोकांचे एमआरआय काढले. चाळिशीच्या आतल्यांत १४ टक्के आणि चाळिशीपुढच्यांत २८ टक्के लोकांत ठळक दोष निघाले. मग २०१५ मध्ये जपानमधून नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी १,२११ बिनतक्रारी माणसांचा अभ्यास छापला. ८७.६ टक्के लोकांत डिस्क फुगलेली! विशीतल्या मुलामुलींतसुद्धा दर चारांत जवळपास तिघांत. म्हणजे माझा तो रिपोर्ट, ज्याने माझ्या दोन रात्री खाल्ल्या, तो माझ्या टीममधल्या बहुतेक कुणाचाही असू शकला असता. ज्याची मान आयुष्यात दुखली नाही त्याचासुद्धा. आपल्याकडे "मणक्यात गॅप आहे" हे ऐकून लोकांनी नोकऱ्या सोडल्यात, गाडी चालवणं सोडलंय, लग्नं लांबणीवर टाकलीत. फोटोत दिसणं आणि त्यामुळे दुखणं या दोन गोष्टींत फार अंतर आहे. तक्रार आणि फोटो जुळले तरच त्या फोटोला अर्थ.

मोबाईलवाल्या मानेचं तेच. २०१४ साली न्यूयॉर्कचे एक सर्जन, हंसराज, यांनी संगणकावर मॉडेल करून सांगितलं की मान साठ अंश वाकवली की मानेवर सुमारे २७ किलो भार येतो. ते चित्र जगभर फिरलं, तुमच्या फॅमिली ग्रुपवरही आलं असणार. पण ते मॉडेल होतं, माणसं तपासली नव्हती. २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाची १५० मुलं तपासली तेव्हा मोबाईल बघतानाची मान आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. अभ्यास छोटा आहे, एकदाच आणि एकाच वयाच्या मुलांचा आहे, मान्य. पण मला तरी वाटतं की आपण वाकतो यापेक्षा आपण तासन्‌तास हलत नाही ही जास्त मोठी भानगड असावी. १७०० साली इटलीत रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या आवृत्तीत लेखनिकांबद्दल तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. रिलीजचा आठवडा म्हणजे आणखी काय असतं हो?

तर मग डॉक्टरकडे जायचं कधी? इतिहासाने दिलेलं उत्तर मला तरी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

नुसती मान धरली, अवघडली, खांद्यापर्यंत ओढ लागते, वळवताना कळ येते, तर बहुधा थोड्या दिवसांत ते उतरतं. शेक घ्या, सोसेल तेवढी मान हलवत राहा, लागलीच तर साधी वेदनाशामक गोळी. मानेचा पट्टा दिवसेंदिवस घालून बसू नका, स्नायू आळशी होतात. काही आठवड्यांत काहीच फरक नसेल तर दाखवा. कळ हातात उतरत असली तरी लगेच घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत रॉचेस्टरमध्ये मानेत नस दबलेल्या ५६१ लोकांचा मागोवा घेतला होता, तो १९९४ मध्ये छापून आला. चौघांपैकी साधारण एकाला शस्त्रक्रिया लागली, आणि शेवटच्या तपासणीपर्यंत नव्वद टक्के लोक अजिबात किंवा फारसा त्रास नसलेले होते. पण हातातली ताकद कमी होतेय असं वाटलं, तर वाट बघू नका.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच मानेत नाहीतच. बटणं, नाणी, किल्ल्या हाताळताना बोटं चुकायला लागली. अक्षर बदललं. चालताना पाय जड किंवा अडखळता वाटतो, चप्पल सुटते आणि कळत नाही. मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका जातो (याला लेर्मितचं चिन्ह म्हणतात, १९२४ पासून). लघवी-संडासवरचा ताबा ढिला झाला, तर त्याच दिवशी, तासाभरात निघा. तापाबरोबर मान ताठ आणि डोकं ठणकतंय, तर मेंदूज्वर असू शकतो, तेही लगेच. रात्री वाढत जाणारी मानदुखी, वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतो, तर आपल्या देशात मणक्याच्या टीबीचा विचार आधी करावा लागतो, आणि ज्याला पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय त्याने तर अंगावर काढूच नये. छातीत दाब, घाम, जबडा नाहीतर डावा हात दुखतोय, तर सेम्स आणि मर्फीचे चार रुग्ण विसरा आणि आधी ईसीजी काढा. मान नंतर बघता येईल.

आणि तो न्हावी. मानेच्या मणक्यांना बाजूला भोकं असतात, त्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या वर चढतात. मान झटक्यात पिळली तर क्वचित धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. मान मोडण्याच्या उपचारानंतर मेंदूला आणि मज्जारज्जूला इजा झाल्याच्या केसेस १९४७ सालीच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आल्या होत्या. १९९३ मध्ये तिथेच पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर झालेल्या पक्षाघाताचंही वर्णन आलं. हे दुर्मीळ आहे. कधीकधी धमनी आधीच फाटलेली असते आणि तिच्याच दुखण्यामुळे माणूस मान मोडून घ्यायला जातो, म्हणजे दोष नेमका कुणाचा हेही सांगता येत नाही. पण चाळीस रुपयांच्या मसाजबरोबर फुकट मिळणाऱ्या त्या कडकन आवाजासाठी एवढी जोखीम मी तरी घेत नाही. मानेत अचानक, कधी न दुखलेलं असं एका बाजूला दुखलं आणि बरोबर चक्कर, बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, दोन दोन दिसणं असलं काही असेल तर गाडी काढा.

अपघाताचं तर स्वतंत्रच शास्त्र झालंय. २००१ साली कॅनडात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी ८,९२४ जखमींचा अभ्यास करून एक नियम बनवला, कुणाच्या मानेचा फोटो काढायचा आणि कुणाचा नाही. वय पासष्ट किंवा जास्त, उंचावरून पडलाय किंवा जोराची धडक आहे, हातापायांत मुंग्या आहेत, तर फोटो काढायचाच. यातलं काही नसेल आणि बाकी लक्षणंही सौम्य असतील, तर शेवटी डॉक्टर रुग्णाला एकच गोष्ट करायला सांगतात: मान डावीकडे पंचेचाळीस अंश वळवा, उजवीकडे पंचेचाळीस अंश वळवा. वळली, तर फोटोची गरज नाही.

खांद्याकडे बघ. हे वाचून मी खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारून आलो. (ही परीक्षा डॉक्टरने घ्यायची आहे बरं का. बाईकवरून पडलेल्या मित्राची रस्त्यावर तुम्ही घ्यायची नाही. त्याची मान जशी आहे तशी स्थिर ठेवायची आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची.)

मामाचं निदान शेवटी पुण्यात झालं. त्या न्यूरोसर्जनबाईंनी मान बघायच्या आधी चाल बघितली, एका रेषेत टाच-पंजा जोडून चालायला लावलं. मामाला चार पावलं टाकता आली नाहीत. मग त्या म्हणाल्या, "काका, दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ उघडा-मिटा." ही जपानच्या केइरो ओनो यांची चाचणी, १९८७ सालची. धडधाकट माणसाला दहा सेकंदांत वीस किंवा त्याहून जास्त वेळा जमतं. मामाने नऊ वेळा केलं. मी शेजारी बसून टेबलाखाली गुपचूप करून बघितलं, सव्वीस. एमआरआय त्यानंतर काढला आणि त्यात जे दिसलं ते बाईंनी आधीच सांगितलेलं होतं.

आपलाच मामा दुर्दैवी असं मला वाटत होतं. पण २०१३ साली अशाच ४२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झालाय. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. आणि मधल्या काळात सगळ्यांत जास्त वेळा झालेलं चुकीचं निदान कोणतं? मनगटातली नस. पॉसेनियसच्या बोटांना अजून लेप लागताहेत. मनगटातली नस खरोखर दबलेले लोकही भरपूर असतात, आमच्या धंद्यात तर विचारूच नका, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना मी फार दोष देत नाही. पण पट्ट्याने सहा महिन्यांत काही फरक पडला नव्हता, तेव्हा तरी कुणीतरी, निदान मी, विचारायला हवं होतं.

शस्त्रक्रिया झाली. बाईंनी आधीच सांगितलं होतं की या शस्त्रक्रियेचं मुख्य काम म्हणजे पुढचं नुकसान थांबवणं. गेलेलं किती परत येईल ते नक्की सांगता येत नाही, आणि जितका उशीर तितकं कमी. वीस महिने झाले त्याला. मामा आता काठीशिवाय चालतो, पट्ट्याचे सँडल घालतो, आणि घरात बिनबटणांचे झब्बे. सही पूर्वीची झाली नाही, बँकेत नवीन नमुना देऊन आला. दर रविवारी फोनवर मी विचारतो, "मामा, किती?" मागच्या रविवारी सतरा.